बाबांचं करणारी

ताई, सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून सेंटरकडून आलेली एक बाई सकाळी आठ ते रात्री आठ त्यांच्याजवळ असते. अंघोळ, भरवणं, व्यायाम सगळं तीच करते. गेल्या दिवाळीत बाबांनी डाव्या हातानं सही केली, तीही तिनंच शिकवली. कार्यक्रमासाठी आम्ही छोटी पुस्तिका छापतोय. त्यात तिचे आभार मानायचेत आणि स्टेजवर बोलावून साडी द्यायची आहे. अडलंय ते एका शब्दावर. आई तिला 'बाई' म्हणते. मी 'मावशी' म्हणते, पण ती जेमतेम बत्तीसची आणि मी चोपन्नची. भाऊ न्यू जर्सीहून सांगतो, 'केअरगिव्हर' छापा. वहिनी म्हणते, 'आमच्या कुटुंबातलीच एक' असं लिहा, छान वाटेल. 'मदतनीस' मला सरकारी वाटतं, 'सेविका' जुनाट, आणि 'मोलकरीण' तर लिहवतच नाही. ती स्वतः फोनवर 'सिस्टर बोलतेय' म्हणते, पण नर्सिंग शिकलेली माझी भाची त्यावर चिडते. योग्य मराठी शब्द कोणता?
– एक मुलगी, पुणे

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एका बाईसाठी तुम्ही आठ शब्द मोजलेत आणि तिचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. हा टोमणा समजू नका, कारण याबाबतीत मला बोलायला तोंड नाही. माझी आई शेवटची दीड वर्षं अंथरुणावर होती. तेव्हा माझ्या फोनमध्ये दोन नंबर होते, 'दिवसाची बाई' आणि 'रात्रीची बाई'. रात्रीची बदलली तेव्हा मी नव्या नंबरापुढे फक्त आकडा लावला: 'रात्रीची बाई २'. आई गेल्यावर दोन महिन्यांनी तिचा फोन आला, सहज, 'कशा आहात ताई' म्हणून विचारायला. स्क्रीनवर ती अक्षरं उमटली आणि स्वयंपाकघरात मी एकटीच असूनही शरमले.

तर आता तुमचे शब्द एकेक करून घेते. सगळ्यांवर सारखा वेळ घालवणार नाही.

'मावशी' हा आपल्या शहरी घरांचा लाडका शब्द. नाव विचारायचं राहून गेलं की मावशी. पण कधी नीट कान देऊन ऐका, आपल्याकडे कामाची अख्खी उतरंड नात्यांच्या नावानं लावलेली आहे. पोळ्या करायला येतात त्या काकू, भांडी घासायला येते ती मावशी. डबा देतात त्या काकू, दवाखान्यात फरशी पुसते ती मावशी. शाळेतला शिपाई मामा, चौकातला हवालदारही मामा. 'आत्या' मात्र कुणालाच म्हणत नाहीत. आत्याला मान द्यावा लागतो, लग्नात तिची साडी हलकी निघाली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मावशी समजून घेते. माय मरो पण मावशी जगो, असं आपण म्हणून ठेवलेलंच आहे. जिच्याकडून माया हवी तिला मान दिला नाही तरी चालतं, असा हा हिशेब आहे. आणि काकू नि मावशी यांच्यामध्ये जी एक पायरी आहे ती पुष्कळ घरांत जातीची आहे, हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही इतकंच. पोळ्यांना सोवळ्याची आठवण आहे, भांड्यांना खरकट्याची.

चोपन्न वर्षांच्या बाईनं बत्तीस वर्षांच्या बाईला मावशी म्हणायचं, म्हणजे तिचं वय तुम्ही तिच्या कामावरून ठरवलंत. 'मावशी' बाद.

'बाई'चं तसं नाही. तुमच्या आईवर रागावू नका, शब्द खानदानी आहे. अहिल्याबाई, जिजाबाई, रमाबाई. शाळेत आम्ही शिक्षिकेला बाईच म्हणायचो, आणि बाई वर्गात आल्या की चिडीचूप. मग तोच शब्द 'कामवाली'ला जोडला की घसरतो कसा? क्रियापदात बघा. शाळेतल्या बाई 'आल्या'. कामाची बाई 'आली', किंवा बहुतेक वेळा 'आज आली नाही'. शब्द तोच आहे. मान होता तो 'आल्या'च्या 'ल्या'त होता, आणि तेवढा आपण काढून घेतला.

तुम्हीही पत्रभर 'ती' लिहिलंय, आणि मीही आत्तापर्यंत. घरात ते चालतं. आपल्या भाषेत 'ती' नुसती तुच्छतेची नाही, लेकही 'ती'च असते, आईही 'ती'च असते. पण छापील कागदावर आणि माइकवर डॉक्टर 'आले', फिजिओथेरपिस्ट 'आले' आणि ही मात्र 'आली', हे कानाला बोचतं. म्हणून आता इथून पुढे मी त्यांना 'त्या' म्हणते.

'मदतनीस' तुम्हाला सरकारी वाटतो आणि तो आहेच. अंगणवाडीत एक सेविका आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस, अशी पदंच आहेत. पण शब्द मोठ्या घरचा आहे हो! फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या मागे जे 'नीस' लागलंय तेच हे, फारसीतलं 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहितो तो चिटणीस. मदतनीस काहीच लिहीत नाही, नुसतं दरबारी शेपूट लावून घेतलंय बिचाऱ्यानं. याच्या उलट गत गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याची. बिगार म्हणजे वेठीला धरून फुकट राबवणं. आजचा बिगारी संध्याकाळी हजेरी मोजून घेतो, नावात मात्र अजून फुकट राबतोय.

हा पैशाचा धागा सोडू नका, कारण 'मोलकरीण' आणि 'सेविका' या दोन शब्दांचा खरा निकाल तिथे लागतो. 'मोलकरीण' लिहवत नाही म्हणता. मलाही लिहवणार नाही, सिनेमा-नाटकांनी आणि आपल्या तोंडांनी त्याची पार रया घालवली आहे. पण शब्द फोडून बघा: मोल घेऊन करते ती. माझ्या कामाला किंमत आहे आणि ती मी घेते, असं सरळ सांगणारा शब्द. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, संघटना बांधली, तेव्हा त्यांना हा शब्द खुपला नाही, संघटनेच्या नावातही 'मोलकरीण'च आलं. पुढे २००८ साली राज्यानं त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला तेव्हा कागदावर 'घरेलू कामगार' आलं. त्यातलं 'घरेलू' हिंदीतून उचललेलं आहे, पण 'कामगार' आलं हे महत्त्वाचं.

'सेविका' कानाला गोड लागतो, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. अंगणवाड्यांची योजना १९७५ साली, गांधी जयंतीच्या दिवशी सुरू झाली. तिथे ज्या बायका रुजू झाल्या त्यांना 'सेविका' म्हटलं, आणि सेवा करणाऱ्याला पगार कसा द्यायचा? म्हणून मिळालं 'मानधन'. बघा, मान आधी आणि धन नंतर, तेही बेताचं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि ज्याला मानधन म्हणता ते वेतनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते २०२२ साली. मधे सत्तेचाळीस वर्षं गेली. त्याच्या शेजारी 'माथाडी' ठेवा. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी, गोडवा औषधाला नाही. पण १९६९च्या कायद्यात हा शब्द बसला आणि त्याच्या मागोमाग बोर्ड, भविष्यनिर्वाह निधी, सुट्ट्यांचे पैसे आले. तेव्हा शब्द गोड आहे की रांगडा यापेक्षा तो पैसे झाकतो की दाखवतो, हे मी आधी बघते.

'सिस्टर'बद्दल तुमच्या भाचीची बाजू खरी आहे. वर्षानुवर्षं शिकून, परीक्षा देऊन, कौन्सिलकडे नोंदणी करून ती सिस्टर झाली. सरकारी रुग्णालयात तर या कामाची शिडीच असते, अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, तिच्यावर अधिसेविका. आणि व्यवहाराचीही एक अडचण आहे. घरात 'सिस्टर' म्हणायची सवय लागली की एखाद्या रात्री कुणीतरी त्यांच्याच हातात इंजेक्शन देतं. त्यात पेशंटचाही जीव टांगणीला आणि त्यांचाही. पण त्या फोनवर स्वतःला सिस्टर म्हणतात ते फसवायला नाही, एवढं भाचीला समजावून सांगा. बाई, मावशी, कामवाली या रांगेतून बाहेर पडायला त्यांना तेवढं एकच दार उघडं दिसतंय.

'केअरगिव्हर'ची गंमत अशी, की तुमच्या भावाच्या गावी तो शब्द घरच्या माणसालाही लागतो आणि पगारी माणसालाही. आपण मात्र तो अर्धाच आयात केला. रात्री आठ ते सकाळी आठ बाबांकडे कोण बघतं? तुमची आई, आणि बहुधा तुम्ही. तुम्हाला कुणी केअरगिव्हर म्हटलं का गेल्या तीन वर्षांत? मग भावाला सांगा, दोघींना म्हणणार असशील तर छापते.

राहता राहिली वहिनींची सूचना, आणि इथे जरा थांबते. 'आमच्या कुटुंबातलीच एक.' हेतू चांगला आहे, शंका नाही. पण कुटुंबातल्या माणसाला डायनिंग टेबलाची खुर्ची असते. कुटुंबातल्या माणसाला ताप आला तर त्या दिवसाचे पैसे कापले जात नाहीत. कुटुंबातलं माणूस सोसायटीच्या फाटकावर सही करून, बॅग उघडून दाखवून आत येत नाही. यातलं काय काय तुमच्या घरी घडतं ते तुम्हाला ठाऊक, मला नाही. माझ्या घरी मात्र 'रात्रीची बाई २' जमिनीवर सतरंजी टाकून निजायची आणि मी पाहुण्यांना सांगायची, 'घरच्यासारखीच आहे हो.' त्यातल्या 'सारखी'नं माझी केवढी सोय केली! शिवाय ज्या बाईंना स्वतःचं घर आहे, कदाचित पोरं शाळेत सोडून त्या तुमच्याकडे येत असतील, त्यांना तुमच्या कुटुंबात घालून घेण्याआधी त्यांना विचारलंय का कुणी?

आठही शब्द असे हातातून निसटले. का निसटतात? माझं मत सांगते. आजाऱ्याचं करणाऱ्या माणसाला मराठीत नाव नाही, कारण इतकी वर्षं नावाची गरजच पडली नाही. ते काम करणारी घरात होती आणि तिला 'सून' म्हणत. ती नसेल तर लेक, तीही नसेल तर कुणीतरी दूरची, नवरा गेलेली, आश्रयाला राहिलेली चुलती. सुईणीला नाव आहे, न्हाऊ घालणाऱ्या बाईला आहे, शेतावर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेल्या सालगड्याला आहे, कारण तिथे देणंघेणं होतं. सासऱ्याच्या अंथरुणाशी बसलेल्या सुनेला कोण काय देणार? 'पुण्य लागेल' म्हणायचे.

नाम नाही, पण क्रियापद आहे. 'तिनं सासूचं केलं.' बस, एवढंच म्हणतात. काय केलं हे विचारावं लागत नाही. भांडं दिलं, कूस बदलली, पाठीला पावडर लावली, रात्री तीनदा उठली, शिव्या खाल्ल्या, हे सगळं त्या एका 'केलं'मध्ये येतं. 'त्यांचं आजारपण काढलं' म्हणतात, विहिरीतला गाळ काढावा तसं. जगातल्या कुठल्या भाषेत असं असेल-नसेल मला माहीत नाही, पण आपल्याकडे हे इतकं हाताशी आहे की आपल्याला तो शब्दच वाटत नाही.

आईला शेवटी दवाखान्यात हलवलं त्या रात्री मी गाडी लावायला खाली अडकले होते. वर काउंटरवरचा मुलगा फॉर्म भरत होता. सोबत आलेल्या बाईला त्यानं विचारलं, पेशंटशी नातं काय? ती म्हणाली, 'मी त्यांचं करते.' त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मागे रांग असणार. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद आला तेव्हा नात्याच्या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलेलं होतं, 'त्यांचं करते'. तो कागद मी अजून ठेवलाय. बिलं फाडून टाकली.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं, की पुस्तिकेत नाम शोधत बसू नका. नाव छापा, आडनावासकट, आणि पुढे क्रियापदानं वाक्य पूर्ण करा. साधारण असं: 'अमुक अमुक. गेली तीन वर्षं सकाळी आठ ते रात्री आठ बाबांचं सगळं यांनी केलं. बाबांना डाव्या हातानं सही करायला यांनी शिकवलं.' त्या सहीचा एक ठसा शेजारी छापता आला तर आणखी विशेषण लागणारच नाही. आणि हा मजकूर डॉक्टरांच्या पानावर घ्या. मंडप, केटरिंग, फुलं या यादीच्या शेपटाला नको.

पण छापण्याआधी त्यांना विचारा. दोन गोष्टी विचारा. पहिली, नाव कसं लिहायचं. आधार कार्डावरचं एक असतं, माहेरचं एक, हाक मारायचं तिसरंच. दुसरी जरा नाजूक आहे: नाव छापलेलं चालेल का? या कामातल्या काही जणी सासरी आणि वस्तीत 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगतात. परक्या पुरुषाला अंघोळ घालते म्हटलं की बोलणारी तोंडं आहेत. तुमची कृतज्ञता त्यांच्या घरी वादाचं कारण व्हायला नको. नको म्हणाल्या तर छापू नका. कार्यक्रमात समोर उभं राहून, त्यांच्याकडे बघून सांगा.

सेंटरशी करार करताना, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, पगाराच्या पावतीवर काहीतरी पद लिहावंच लागतं. तिथे 'रुग्ण मदतनीस' किंवा 'रुग्ण सहायक' लिहा, दोन्ही चालतील. (सहायक किंवा साहाय्यक. 'सहाय्यक' मधल्यामध्ये लोंबकळतो, तो टाळा.) 'सहाय'चा मूळ अर्थ बरोबर जाणारा असा आहे, तो मला आवडतो. आपल्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जायची. तिला तिथे ठरलेलं काम काही नसे, नवख्या घरात पाठीशी आपलं कुणीतरी असावं एवढंच. अर्धांग झालेलं शरीर म्हणजे नवखं घरच की. बोलण्याच्या ओघात स्टेजवर 'बाबांच्या पाठराखीण' म्हणालात तर गोड वाटेल. छापू मात्र नका, कागदावर ते कवितेसारखं दिसेल आणि कवितेला पगारवाढ मिळत नाही.

रोजच्या हाकेला नावापुढे 'ताई' पुरे. बावीस वर्षांनी लहान असल्या म्हणून काय झालं, आपल्याकडे ताई वयावरून ठरत नाही. आईंना बदलायला जाऊ नका, त्यांना 'बाई' म्हणू दे. फक्त 'बाई आल्या का?' असं तुम्ही त्यांच्यादेखत दोन-चार वेळा म्हणा, पुढचं आपोआप होईल.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो शब्दापेक्षा मोठा आहे. कार्यक्रमाच्या दिवशी त्या पाहुण्या आहेत की ड्यूटीवर? दोन्ही एकदम होत नाही. पाहुण्या असतील तर सेंटरकडून त्या दिवसापुरती बदली मागा आणि त्यांना पोरांना घेऊन यायला सांगा, पहिल्या पंगतीला बसवा. बाबा दुसऱ्या कुणाकडून भरवून घेत नसतील आणि ड्यूटी करावीच लागणार असेल, तर तसं आधी स्पष्ट सांगा आणि त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या. साडी ही साडी आहे, ती पगारात धरू नका. ओटी भरणार असाल तर कपाळ बघून ठरवू नका. भरायची तर त्यांचीही भरा, नाहीतर सगळ्यांना नुसती साडी-चोळी द्या.

मंडपवाला विचारेलच, स्टेजवर खुर्च्या किती. एक जास्त सांगा, आणि ती बाबांच्या उजव्या हाताला ठेवा. ती बाजू गेलेली आहे, तिथे त्यांना आधार लागतो.